गर्भिणीचा रक्तदाब : एका शोधाचा इतिहास

बाळंतपणाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या स्त्रीला ज्या संकटांचें भय पिढ्यान्‌पिढ्या वाटत आलें, त्यांत आंकडीचें संकट सर्वांत दारुण. सातवा महिना सरावा, ओटीभरण व्हावें, पहिलटकरणीनें माहेरीं यावें. आणि मग एके दिवशीं तिच्या पायांवर, चेहऱ्यावर सूज दिसावी, डोकें ठणकूं लागावें, डोळ्यांपुढें काजवे चमकावे, आणि पाहतां पाहतां सारें अंग ताठून झटके सुरू व्हावे, असा हा प्रकार. झटके थांबले नाहींत तर आई आणि मूल दोघेंहि हातचीं जात. युरोपांतील वैद्यांनीं या रोगाला 'एक्लॅम्प्सिया' हें ग्रीक नांव दिलें. अकस्मात् लखलखून जाणें, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. निरभ्र आकाशांतून वीज कोसळावी तसा हा रोग येतो, अशी जुन्या काळची समजूत होती.

ती समजूत खरी नव्हती. वीज कोसळण्यापूर्वी पुष्कळदां कित्येक दिवस, कित्येक आठवडे आभाळ भरून येत असे. तें पाहावयाचें कसें, एवढेंच कोणास ठाऊक नव्हतें. तें पाहण्याची विद्या मनुष्यानें कशी मिळविली, आणि पाहिलेल्या गोष्टीचें कारण शोधूं जातां मोठमोठे विद्वान् एका वाटेनें किती दूर चुकत गेले, याचा इतिहास उद्बोधक आहे. त्या चुकीची किंमत जन्मास न आलेल्या मुलींना पुढें मोजावी लागली, म्हणून तो विसरतां येण्यासारखाहि नाहीं.

पहिली खूण मूत्रांत सांपडली. १८४३ मध्यें लंडनच्या गाय्ज रुग्णालयांतील डॉक्टर जॉन लीव्हर यांनीं आंकडी आलेल्या स्त्रियांचें मूत्र तापवून पाहिलें. अंड्यांतील पांढरा बलक आंच लागतांच जसा गोठतो, तसा एक पदार्थ त्यांत गोठून आला. हेंच अल्ब्युमिन. मूत्रपिंडाच्या विकारांत अल्ब्युमिन मूत्रावाटें जातें, हें त्याच रुग्णालयांतील रिचर्ड ब्राइट यांनीं पूर्वींच दाखविलें होतें. तेव्हां हाहि मूत्रपिंडाचाच रोग, असें कोणासहि वाटावें. परंतु लीव्हर यांनीं आणखी एक गोष्ट टिपून ठेविली. प्रसूति होऊन कांहीं दिवस लोटले कीं हें अल्ब्युमिन नाहींसें होई. बिघडलेलें मूत्रपिंड इतक्या लवकर सुधारत नाहीं. अर्थात् रोगाचें मूळ मूत्रपिंडांत नसून दुसरीकडे कोठें तरी होतें.

दुसरी खूण रक्ताच्या दाबांत मिळाली. १८९६ मध्यें इटलींतील तूरिन शहरीं शिपिओने रीव्हा-रोच्ची यांनीं दंडाभोंवतीं रबराची पट्टी गुंडाळून तींत हवा भरण्याची आणि पाऱ्याच्या नळीवर दाब वाचण्याची युक्ति काढली. दुसऱ्याच वर्षीं पॅरिसमधील वाके आणि नोबेकूर यांनीं आंकडीच्या रोग्यांत रक्तदाब चढलेला असतो असें प्रसिद्ध केलें. १९०५ मध्यें सेंट पीटर्सबर्ग येथील निकोलाय कोरोत्कोव्ह यांनीं पट्टीखालच्या रोहिणीवर नळी ठेवून तिच्यांतील आवाज ऐकण्याची रीत दाखविली, आणि दाबाचे वरचा व खालचा असे दोन्हीं आंकडे कोणत्याहि डॉक्टरास दोन मिनिटांत घेतां येऊं लागले. मग असें आढळून आलें कीं, झटके येण्याच्या आधीं बहुधा दाब चढतो, मूत्रांत अल्ब्युमिन येतें. तेव्हां जी स्त्री अद्याप हिंडतीफिरती आहे, जिला आपण आजारी आहों असें वाटतहि नाहीं, तिच्या अंगावर येऊं घातलेलें संकट आधीं ओळखतां येण्याजोगें झालें.

ओळखावयाचें तर स्त्रीला आधीं पाहिलें पाहिजे. आणि त्या काळीं डॉक्टर गर्भिणीला पाहत तो बहुधा कळा सुरू झाल्यावर. १९०१ मध्यें एडिंबरोचे डॉक्टर जॉन विल्यम बॅलंटाइन यांनीं प्रसूतीपूर्वींच गर्भिणींची काळजी घेणारें स्वतंत्र रुग्णालय असावें अशी जाहीर मागणी केली. त्यांच्या शहरांतील प्रसूतिगृहांत अशा स्त्रियांसाठीं एक खाट राखून ठेवण्यांत आली. त्या एका खाटेपासून वाढत वाढत १९२९ मध्यें ब्रिटनच्या आरोग्य खात्यानें गर्भिणीच्या तपासणीचें वेळापत्रकच ठरवून दिलें : पहिली भेट सोळाव्या आठवड्यास, मग चोविसाव्या, अठ्ठाविसाव्या, त्यानंतर छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत दर पंधरवड्यास, आणि पुढें दर आठवड्यास. शेवटच्या तीन महिन्यांत भेटी दाट होण्याचें एक मुख्य कारण हा रक्तदाबाचा रोग होय. या साऱ्या व्यवस्थेंत रोगाचें कारण कोणास कळलेलें असण्याची आवश्यकता नव्हती. पट्टी बांधावी, आंकडा वाचावा, मूत्र तापवून पाहावें, आणि खूण दिसली तर स्त्रीला विश्रांति देऊन योग्य वेळीं बाळंतपण उरकून घ्यावें, इतकें पुरे होतें.

परंतु मनुष्याची जिज्ञासा तेवढ्यावर कशी थांबावी? हा रोग होतो कशानें? प्रत्येक पंडिताची उपपत्ति निराळी. कोणी म्हणे वाढलेलें गर्भाशय मूत्रपिंडावर दाब आणतें, कोणी म्हणे गर्भ रक्तांत विष सोडतो. ही विषाची कल्पना इतकी रुजली कीं या रोगास 'टॉक्सिमिया', म्हणजे रक्तांतील विषबाधा, असें नांवच पडलें. विष मात्र कोणास सांपडलें नाहीं. निश्चित अशा दोनच गोष्टी होत्या. वार पडली कीं रोग ओसरूं लागतो, ही एक. आणि क्वचित् जेव्हां गर्भ मुळींच नसतो, गर्भाशयांत वारेच्या विकृत पेशींचे केवळ द्राक्षांसारखे घोस वाढतात, तेव्हांहि हा रोग होतो, ही दुसरी. म्हणजे अपराधी मूल नव्हे. संशय वारेवर येतो.

नेमक्या याच सुमारास शरीरशास्त्रांत एक नवा शब्द अवतरला होता. १९०५ मध्यें लंडनचे अर्नेस्ट स्टार्लिंग यांनीं, एका अवयवांत उत्पन्न होऊन रक्तावाटें दुसऱ्या अवयवास संदेश पोंचविणाऱ्या द्रव्यांना 'हॉर्मोन' हें नांव दिलें. मराठींत यांस अंतःस्राव अथवा संप्रेरक म्हणतात. १९२७ मध्यें बर्लिनच्या आशहाइम आणि त्सोंडेक यांनीं गर्भिणीच्या मूत्रांत असे अंतःस्राव विपुल असतात हें दाखवून गर्भधारणेची परीक्षाच बसविली. १९२९ मध्यें स्त्रीत्वाचें एक हॉर्मोन शुद्ध स्वरूपांत हातीं आलें. १९३४ मध्यें गर्भ टिकवून धरणारें प्रोजेस्टेरोन मिळालें. वार म्हणजे केवळ मुलाच्या अन्नाची पिशवी नव्हे, ती स्वतःच एक मोठी अंतःस्रावी ग्रंथि आहे, हें आतां स्पष्ट झालें. तेव्हां गर्भिणीच्या रक्तदाबाचें कोडें हॉर्मोनांनींच सुटेल, असें अनेकांना वाटूं लागलें, यांत नवल नाहीं.

अमेरिकेंतील बोस्टन येथें जॉर्ज स्मिथ आणि ऑलिव्ह स्मिथ या पतिपत्नींनीं या कामास वाहून घेतलें. पति स्त्रीरोगतज्ज्ञ, पत्नी रसायनाची जाणकार. १९३० नंतरच्या दशकांत त्यांनीं गर्भिणींच्या रक्ताची आणि मूत्राची चिकाटीनें मोजणी केली. ज्यांना पुढें रक्तदाबाचा विकार झाला, त्यांच्या शरीरांत वारेचें एक हॉर्मोन वाजवीपेक्षां अधिक, तर ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरोन हीं कमी, असें त्यांस आढळलें. त्यावरून त्यांनीं निष्कर्ष काढला कीं हॉर्मोनांची ही तूट हेंच रोगाचें कारण. ती भरून काढली कीं रोग टळेल, गर्भपात टळेल, अपुऱ्या दिवसांचीं बाळंतपणें टळतील.

तूट भरून काढण्याचें साधनहि तयार होतें. १९३८ मध्यें लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्टिल्बेस्ट्रॉल नांवाचें कृत्रिम ईस्ट्रोजेन बनविलें होतें. तें स्वस्त होतें, तोंडानें घेतां येत असे, आणि त्याचें पेटंट घेतलेलें नसल्यामुळें कोणत्याहि कारखान्यास तें काढतां येई. स्मिथ दांपत्यानें त्याचें वेळापत्रक ठरविलें : सातव्या आठवड्यापासून दररोज ५ मिलिग्रॅम, आणि वाढवीत वाढवीत पस्तिसाव्या आठवड्यास १२५ मिलिग्रॅम. १९४८ मध्यें ऑलिव्ह स्मिथ यांनीं ६३२ गर्भारपणांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तो वाचून अमेरिकेंतील डॉक्टर प्रभावित झाले. गोळ्या घेणाऱ्या माता सुखरूप होत्या, मुलें गुटगुटीत होतीं. ज्या स्त्रियांचीं मागलीं गर्भारपणें वायां गेलीं होतीं, त्यांनीं तर मोठ्या आशेनें त्या गोळ्या घेतल्या.

येथें एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून गेला होता. या स्त्रियांनीं गोळ्या घेतल्या नसत्या तर काय झालें असतें? त्यांना नेमानें तपासलें जात होतें, विश्रांति मिळत होती, डॉक्टरांचें आणि घरच्यांचें लक्ष होतें. सुखरूप सुटकेचें श्रेय गोळीचें, कीं या साऱ्या काळजीचें? याचा निवाडा करण्याचें काम शिकागो येथील लाइंग-इन रुग्णालयाचे विल्यम डिकमन यांनीं अंगावर घेतलें. त्यांनीं ८४० गर्भिणींना स्टिल्बेस्ट्रॉलच्या गोळ्या दिल्या आणि ८०६ गर्भिणींना दिसण्यांत तशाच, परंतु औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. १९५३ मध्यें निकाल बाहेर आला. गर्भपात, अपुऱ्या दिवसांचें बाळंतपण, रक्तदाबाचा विकार, यांपैकीं कशांतहि औषधानें कांहीं लाभ झालेला नव्हता. त्याच वर्षीं न्यू ऑर्लिअन्सच्या फर्ग्युसन यांनींहि तेंच सांगितलें. आपल्याला काय दिलें जात आहे हें न कळवितां हा प्रयोग झाला, अशी तक्रार घेऊन शिकागोच्या कांहीं स्त्रिया पुढें न्यायालयांत गेल्या. तेव्हां सत्य शोधण्याच्या त्या प्रयत्नासहि स्वतःचा डाग होताच.

निकाल लागला, तरी गोळ्या बंद झाल्या नाहींत. डॉक्टरांना संवय पडली होती, कारखान्यांना धंदा मिळाला होता, आणि आशा बाळगून आलेल्या स्त्रीला रिकाम्या हातीं परत पाठविणें कोणासच बरें वाटत नव्हतें. लाभ नसेल तर नसो, अपाय तरी काय, असा युक्तिवाद होता. आणखी अठरा वर्षें हा क्रम चालला.

मग बोस्टनमध्येंच, स्मिथ दांपत्याच्या शहरीं, अपाय दिसून आला. तेथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयांत कोंवळ्या वयाच्या मुली योनिमार्गाच्या अशा एका कर्करोगानें आजारी होऊन येऊं लागल्या, कीं जो त्या वयांत जवळजवळ अश्रुत होता. डॉक्टर हॉवर्ड अल्फेल्डर यांना एका मुलीच्या आईनें सहज विचारलें : गर्भारपणांत मी स्टिल्बेस्ट्रॉल घेतलें होतें, त्याचा तर हा परिणाम नसेल ना? प्रश्न मनांत राहिला. आर्थर हर्ब्स्ट, अल्फेल्डर आणि पॉस्कान्झर यांनीं अशा आठ मुलींच्या आयांची, आणि तुलनेसाठीं निरोगी मुलींच्या ३२ आयांची चौकशी केली. आठांपैकीं सात आयांनीं तें औषध घेतलें होतें. बत्तिसांपैकीं एकीनेंहि नाहीं. १९७१ च्या एप्रिलमध्यें हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकन सरकारच्या औषध खात्यानें तें औषध गर्भिणींना देऊं नये असें डॉक्टरांना कळविलें. तोंपर्यंत लाखों गर्भिणींनीं तें घेऊन झालें होतें. जें संकट आईवर यावयाचें म्हणून औषध दिलें, तें त्यानें टळलें नाहीं. आणि ज्या मुली तेव्हां पोटांत होत्या, त्यांच्या वांट्यास मात्र दुसरेंच संकट आलें. कर्करोग त्यांतील फार थोड्यांना झाला, तरी गर्भाशयाची विकृति, वंध्यत्व, गर्भपात यांचें दुःख त्यांतील पुष्कळ जणींनीं भोगलें.

चूक कोठें झाली? मोजणींत नव्हे. आजारी वारेंतून हॉर्मोनें कमी निघतात, ही गोष्ट असंभाव्य नव्हती. परंतु दिव्यांत तेल संपत आलें म्हणजे ज्योत मंद होते, म्हणून ज्योत पुढें सारून तेल वाढत नाहीं. हॉर्मोनांची तूट ही वारेच्या दुखण्याची खूण असूं शकते. तिला कारण समजणें हा उतावीळपणा झाला. लीव्हर यांनीं अल्ब्युमिनच्या बाबतींत हाच मोह टाळला होता. त्यांनीं खूण पाहिली, आणि ती बाळंतपणानंतर जाते हें पाहून मूत्रपिंडास दोष देण्याचें थांबविलें.

हॉर्मोनांचा आणि रक्तदाबाचा संबंध मात्र खराच होता. तो निराळ्या वाटेनें उलगडला. १८९८ मध्यें स्टॉकहोम येथील रॉबर्ट टिगरस्टेट आणि त्यांचे विद्यार्थी पेर बर्गमन यांनीं सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाच्या रक्तांत सोडला, तों रक्तदाब चढला. त्या द्रव्यास त्यांनीं 'रेनिन' म्हटलें. पुढें बराच काळ त्याकडे कोणी फारसें पाहिलें नाहीं. १९३४ मध्यें अमेरिकेंतील क्लीव्हलंडच्या हॅरी गोल्डब्लॅट यांनीं कुत्र्याच्या मूत्रपिंडाची रोहिणी चिमटीनें आंवळून रक्तदाब चढवून दाखविला, आणि रेनिनचें स्मरण पुन्हां झालें. १९४० च्या सुमारास ब्यूनॉस आयर्सचे ब्राउन-मेनेंडेस आणि इंडियानापोलिसचे अर्विन पेज यांच्या मंडळींनीं एकमेकांस न कळत एकच शोध लावला : रेनिन स्वतः दाब चढवीत नाहीं, तें रक्तांतील एका प्रथिनापासून दुसरेंच द्रव्य निर्माण करतें, आणि तें रक्तवाहिन्या आंवळतें. एकानें त्यास 'हायपरटेन्सिन' म्हटलें, दुसऱ्यानें 'अँजिओटोनिन'. अठरा वर्षें दोन्हीं नांवें चाललीं. अखेर १९५८ मध्यें दोघांनीं तडजोड करून दोन्हीं नांवांचे तुकडे जोडले आणि 'अँजिओटेन्सिन' हा शब्द केला. शास्त्राच्या इतिहासांत अशी समजूतदार तडजोड विरळाच आढळते.

आतां गर्भिणींच्या रक्तांत हीं द्रव्यें मोजतां येऊं लागलीं, तों एक चमत्कार दिसला. निरोगी गर्भिणीच्या रक्तांत रेनिन आणि अँजिओटेन्सिन नेहमींपेक्षां पुष्कळ अधिक असतें. तिच्या रक्ताचें एकंदर प्रमाण जवळजवळ दीडपट होतें. या हिशेबानें तिचा रक्तदाब चढावयास हवा. उलट गर्भारपणाच्या मध्यावर तो थोडा उतरतो, आणि दिवस भरत येतां पूर्वपदावर येतो. याचें कारण असें कीं प्रोजेस्टेरोन आणि इतर कांहीं द्रव्यें रक्तवाहिन्यांना सैल ठेवतात, आणि त्या अँजिओटेन्सिनच्या हुकमाला फारशा जुमानीत नाहींत. याच्या उलट, रोग झालेल्या स्त्रीच्या रक्तांत रेनिन आणि अँजिओटेन्सिन निरोगी गर्भिणीपेक्षां कमीच असतें, तरी तिच्या रक्तवाहिन्या आंवळल्या जातात.

या कोड्याचा उलगडा अमेरिकेंतील डॅलस शहरीं झाला. नॉर्मन गँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं पहिलटकरणींना गर्भारपणाच्या निरनिराळ्या आठवड्यांत अँजिओटेन्सिन अगदीं थोड्या मात्रेंत देऊन, दाब ठराविक प्रमाणांत चढण्यास किती मात्रा लागते तें पाहिलें. निरोगी राहिलेल्या स्त्रियांना बरीच अधिक मात्रा लागे. ज्यांना पुढें विकार होणार होता, त्यांची ही सहनशक्ति रक्तदाब चढण्याच्या कित्येक आठवडे आधींच ओसरूं लागलेली होती. १९७३ मध्यें हें प्रसिद्ध झालें. म्हणजे प्रश्न हॉर्मोन किती आहे हा नव्हता; रक्तवाहिन्या त्याचें किती ऐकतात हा होता. स्मिथ दांपत्यानें मोजमाप केलें तें द्रव्याचें. रोग मात्र द्रव्याच्या आणि रक्तवाहिनीच्या नात्यांत होता.

हें नातें कोण बिघडवितें, त्याचें उत्तर शेवटीं वारेपाशींच मिळालें. बेल्जियमचे ईव्हो ब्रोसेन्स आणि त्यांचे सहकारी यांनीं १९७२ पर्यंत दाखविलें होतें कीं, निरोगी गर्भारपणांत गर्भाशयाच्या नागमोडी रोहिण्या रुंद होऊन वारेला रक्ताचा पूर येऊं देतात. या रोगांत त्या अरुंदच राहतात. उपाशी राहिलेली वार मग काय करते? २००३ मध्यें बोस्टन येथेंच, मूळचे भारतीय आणि मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेले डॉक्टर अनंत करुमंची यांच्या प्रयोगशाळेनें सांगितलें कीं, अशी वार एक प्रथिन आईच्या रक्तांत मोठ्या प्रमाणांत सोडते, आणि रक्तवाहिन्यांना निरोगी ठेवणारीं द्रव्यें तें प्रथिन पकडून निकामी करतें. गाभण उंदरिणींना तें दिलें तेव्हां त्यांचा रक्तदाब चढला आणि मूत्रांत अल्ब्युमिन आलें. जुन्या वैद्यांनीं ज्या विषाची कल्पना केली होती, तें कांहींसें निराळ्या वेषांत असें सांपडलें. मात्र या वेळीं कोणी घाईनें गोळी काढली नाहीं. आधीं त्याची मोजणी हजारों स्त्रियांत करण्यांत आली. आणि २०२३ मध्यें अमेरिकेच्या औषध खात्यानें तीस मान्यता दिली, तीहि रुग्णालयांत दाखल झालेल्या कोणत्या स्त्रीचा रोग लवकरच तीव्र होईल हें ओळखण्यापुरतीच.

आंकडीवरचें औषधहि तुलनेच्या कसोटींतूनच ठरलें. मद्रासचे डॉक्टर कृष्ण मेनन यांनीं १९६१ मध्यें तीन गुंगीच्या औषधांचें मिश्रण पुढें आणलें, आणि भारतांत तें बराच काळ प्रचारांत होतें. कोठें डायझेपाम, कोठें फेनिटॉइन, तर कोठें मॅग्नेशियम सल्फेट. शेवटीं भारतासह अनेक देशांतील १६८७ स्त्रियांवर पद्धतशीर तुलना झाली, आणि १९९५ मध्यें सिद्ध झालें कीं पुन्हां झटके न येऊं देण्यांत साधें, स्वस्त मॅग्नेशियम सल्फेट डायझेपाम आणि फेनिटॉइन या दोहोंपेक्षां सरस आहे. २००२ मध्यें ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासानें आणखी दाखविलें कीं, आंकडी येण्यापूर्वीं तें दिल्यास तिचा धोका निम्म्याहून कमी होतो.

तरीहि रोगावर अखेरचा उपाय लीव्हर यांच्या काळीं होता तोच आहे : वार बाहेर येणें. आणि रोग ओळखण्याचीं पहिलीं साधनें तींच आहेत : दंडावरची पट्टी आणि मूत्राची परीक्षा. विसाव्या आठवड्यानंतर दाब १४० वर ९० किंवा त्याहून अधिक भरला तर डॉक्टर सावध होतात. भारतांत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांतून गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते, तींतहि हीं दोन कामें चुकत नाहींत. डोकें ठणकणें, डोळ्यांपुढें अंधारी येणें, पोटाच्या वरच्या भागांत दुखणें, अंगावर एकाएकीं सूज चढणें, यांपैकीं कांहींहि शेवटच्या महिन्यांत दिसलें तर घरच्यांनीं पुढल्या तारखेची वाट पाहूं नये, त्याच दिवशीं दवाखाना गांठावा, हें शहाणपण या दीर्घ इतिहासानें प्रत्येक घरास दिलें आहे.

पट्टीनें रोगाचें कारण सांगण्याचा आव कधीं आणला नाहीं. तिनें वेळेवर इशारा दिला, आणि त्या इशाऱ्यानें असंख्य माता वांचल्या. गोळीनें कारण कळल्याचें सांगितलें, आणि तिच्यावरचा विश्वास मागें घेण्यास अठरा वर्षें लागलीं. या दोहोंच्या मधोमध एका आईचा साधा प्रश्न उभा आहे. आपण घेतलेल्या औषधाचा तर हा परिणाम नसेल ना, असें तिनें विचारलें, आणि सुदैवानें तो प्रश्न ऐकून घेणारा डॉक्टर तिला भेटला.